आधी थोडा बाक द्या

हॉटेलात पाणी पिण्याआधी पेल्याची तब्येत बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वेटर पेला टेबलावर आदळून गेला की आमचे सर तो अलगद उचलायचे. दोन बोटांत काठ धरून हलकेच दाबायचे, डोळे बारीक करायचे आणि एखादा जुना वैद्य नाडी सोडताना बोलतो तसं म्हणायचे, "पातळ आहे. पण सोशिक आहे." मग पाणी प्यायचे. मग खिशातून चुंबक काढून पेल्याला लावायचे.

एकदा गल्ल्यावरच्या मालकाला राहवलं नाही. "काय साहेब, पेला चोरीचा वाटला काय?"

"छे छे. चुंबक काठाला जरासं चिकटतंय आणि पोटाला अजिबात नाही. काठ वळवताना याला फार त्रास झालेला दिसतो."

"तरास आमाला बी हाय की," मालक म्हणाला. "मागं लोक उभे हायत. च्या घ्या आन् उठा."

सर उठले, पण जाताना मला बाहेर थांबवून म्हणाले, "चित्रकार, लक्षात ठेवा. स्टेनलेस स्टीलला जिथं वाकवलं, तिथं ते जास्त कडक होतं. चौकोनी नळीचे कोपरे बघा. सपाट बाजूपेक्षा कोपरा नेहमी मजबूत. कारण सगळा मार त्यानं खाल्लेला असतो."

मी काही चित्रकार नव्हतो. त्यांच्या ऑफिसात बांधकामाची ड्रॉइंग काढायला होतो. पण सरांनी पहिल्याच दिवशी मला चित्रकार करून टाकलं आणि मीही कधी तक्रार केली नाही. घरी बायकोला सांगायला ते बरं वाटायचं. तसे सर तरी कुठे सर होते? कुठल्याही शाळा-कॉलेजात त्यांनी एक तासही शिकवलेलं नव्हतं. पण त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की समोरचा आपोआप पाठ ताठ करून बसायचा, आणि ते बघून सर वैतागायचे. "इतकं ताठ बसू नका. ताठ बसलेल्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही."

ऑफिस जुळे सोलापुरात, एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर. आत दोन टेबलं, एक कूलर आणि एक भलाथोरला कॉम्प्युटर. आता कुणीही सांगेल की आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरचं तोंड माणसांकडे असावं. सरांच्या ऑफिसात ते कॉम्प्युटरकडे होतं. आम्ही घामानं निथळत असायचो आणि ते यंत्र वाळ्याच्या वासात गार बसलेलं असायचं. संध्याकाळी ऑफिस बंद करताना त्यावर सोलापुरी चादर घातली जाई, मोरांची. एकदा मी चुकून माझा डबा बांधायचा पंचा त्यावर टाकला तर सर म्हणाले, "पाहुण्याला कुणी पंच्यावर झोपवतं का?"

त्या पाहुण्याचं काम काय, तर स्टेनलेस स्टीलचे खांब आणि तुळया पोटात उभ्या करायच्या आणि मोडायच्या. खरा खांब मोडून बघायचा तर मोठं यंत्र हवं, माणसं हवीत, आणि मोडल्यावर तो भंगारातच जातो. सर सकाळी येऊन कडक भाकरी आणि शेंगाची चटणी उघडायचे आणि नाश्ता संपेपर्यंत दोन-तीन खांब मोडून मोकळे व्हायचे. कॉम्प्युटरात खांबाचे हजारो बारके चौकोन पाडायचे, म्हणजे जणू त्याचं जाळं विणायचं, मग वरून भार टाकत जायचं आणि कुठला चौकोन आधी कण्हतो ते बघायचं. मी एकदा कंटाळून कोपऱ्याजवळचं जाळं जरा विरळ ठेवलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, सोलापुरात राहता आणि इतकं विरळ विणता? शेजारी कळलं तर वाळीत टाकतील." शेजारी म्हणजे वरच्या मजल्यावरचं तेलुगू विणकरांचं घर. सरांना दोऱ्याचं रीळ तिथूनच मिळायचं. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

हे कॉम्प्युटरातलं मॉडेल पळत असताना, म्हणजे यंत्र हिशेब करत असताना, बोलायचं नाही, हा नियम. सर चपला काढून उभे राहात. पडद्यावर आकडे सरकत असत आणि सर हात जोडल्यासारखे करून पुटपुटत, "चल रे, चल रे राजा, एवढा टप्पा पार कर." यंत्राला तो टप्पा पार झाला नाही की सर चपला घालून चहाला जात. रागावत नसत. म्हणत, "त्याला समजलं नाही. आपण नीट सांगितलं नसेल."

साधं लोखंड त्यांना आवडायचं नाही. "साधं लोखंड म्हणजे कचेरीतला कारकून," ते म्हणत. "एका ठरलेल्या भारापर्यंत चेहऱ्यावरची रेषाही हलणार नाही, आणि ती हद्द आली की एकदम हात वर. स्टेनलेसचं तसं नाही. त्याला हद्दच नाही. ते पहिल्यापासून थोडं थोडं देत जातं आणि देता देता अंगानं घट्ट होत जातं. आता हा स्वभाव कॉम्प्युटरला एका आकड्यात कसा सांगणार? त्याची सगळी रेघ काढून द्यावी लागते, बिंदू बिंदू करून." हे बोलताना त्यांचा आवाज असा ओलावायचा की एकदा वीजबिल घेऊन आलेल्या माणसानं मला हळूच विचारलं, "घरातलं कुणी आजारी हाय काय?"

पण सरांचा खरा मंत्र दुसराच होता. तो ते दिवसातून कितीतरी वेळा म्हणत. "आधी थोडा बाक द्या."

त्याचं असं. कॉम्प्युटरात काढलेला खांब अगदी सरळ असतो. इतका सरळ की त्यावर कितीही भार टाका, तो बाजूला लचकतच नाही, कारण डावीकडे लचकावं की उजवीकडे हे त्याला ठरवता येत नाही. जगातला कुठलाही खरा खांब असा नसतो. कारखान्यातून येतानाच तो केसभर, नखभर वाकलेला असतो, आणि भार आला की तिथूनच मान टाकतो. म्हणून मॉडेल पळवण्याआधी आपणच त्याला हातानं बारीकसा बाक द्यायचा. तेवढी एक जागा भरायची असते. ती भरली की मॉडेल माणसात येतं.

कुणी पाहुणे आले, कॉलेजची मुलं आली, की सरांचा एक खेळ ठरलेला. कॉम्प्युटरवरची चादर ते जादूगारासारखी झटक्यात ओढत. मग समोर जी फाइल उघडी असेल त्यातला बाक शून्य करायचे आणि भार टाकायला लागायचे. पडद्यावरची रेघ चढतेय, चढतेय, थांबायचं नावच नाही. सर तमाशातल्या सरदारासारखे हात उंचावून ओरडत, "बघा! हा देवाचा खांब! याच्यावर हत्ती ठेवा. हत्तीवर हत्ती ठेवा!" पोरं टाळ्या पिटत. मग सर बोट वर करत, एकदम हळू आवाजात म्हणत, "पण हा देवाकडेच मिळतो. बाजारात मिळतो तो माणसाचा." आणि नखाएवढा बाक देऊन पुन्हा पळवत. रेघ जरा चढायची, वाकायची आणि खाली यायची. खांब कमरेत लचकलेला.

हा मंत्र त्यांनी कॉम्प्युटरपुरता ठेवला असता तर त्यांच्या घरी जरा शांतता नांदली असती. भाचीसाठी स्थळ आलं. मध्यस्थ म्हणाले, मुलगा अगदी सरळ, कसली म्हणून खोड नाही. सर म्हणाले, "मग माहिती चुकीची भरली गेलीय. पुन्हा चौकशी करा." वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या की त्यांना बघायला आले तेव्हा सरांनी गाणं येतं का, स्वयंपाक येतो का, काही विचारलं नाही. विचारलं, "तुमचं काय चुकतं?" वहिनी तेव्हापासूनच फटकळ. म्हणाल्या, "पोळ्या गोल होत नाहीत आणि राग पटकन येतो." सर तिथल्या तिथे मुलीच्या बापाला म्हणाले, "पसंत आहे." वहिनींच्या पोळ्या मी पुष्कळ खाल्ल्यात. बाई खरं बोलल्या होत्या.

आता अप्पांकडे येतो.

अप्पा म्हणजे शुक्रवार पेठेतले कापडाचे व्यापारी. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि हिशेब कुठल्या भाषेत ते त्यांनाच ठाऊक. अक्कलकोट रोडला त्यांची जागा होती, तिथं मंगल कार्यालय काढलं. पुढच्या अंगणात कायमचा मांडव करायचा ठरलं, आणि तो स्टेनलेस स्टीलचाच.

"गंज नको, रंग नको, दरवर्षी मांडववाल्याच्या दाढीला हात लावणं नको," अप्पा म्हणाले. "पाण्याचा फडका मारला की चकाचक. अन् सर, दारावर वर एक सज्जा पाहिजे बघा. सनई-चौघडा वर बसणार. माझ्या थोरलीचं लग्न पहिलं त्याच मांडवात. सोयरे वर उभे राहून फोटो काढणार, पेठेला सांगून बसलोय मी."

सोयरे म्हणजे माळशिरसकडचे व्याही. उसाचे बागायतदार, अंगानं भरभक्कम. पहिल्या बैठकीला ते आले तेव्हा सर त्यांच्याकडे इतका वेळ टक लावून बघत राहिले की ते अवघडले.

"आपलं वजन किती असेल?" सरांनी विचारलं.

"का वं? गुळानं तोलताय काय मला?"

"तुम्ही सज्ज्यावर चढणार ना?"

"चढणार म्हंजी? आमचा समदा भाऊबंद चढणार. लई दणकट माणसं हायती आमच्याकडं. सज्जा बी तसाच करा, व्हय का न्हाय अप्पा?"

सरांनी सज्जा तसाच धरला. खांब मात्र अप्पांना बारीक हवे होते, नाजूक, लग्नाच्या घरात शोभणारे. मॉडेल झालं, पळालं, बसलं. छापून अप्पांना दिलं. त्यात मांडवाचं रंगीत चित्र होतं. कुठं ताण जास्त, कुठं कमी, ते दाखवणारं. अप्पा बघतच राहिले.

"एन री सर, ही रंगपंचमी कसली?"

"जिथं लालसर, तिथं ताण जास्त."

"लाल शुभच की. लई छान आलंय. आयतु, ठरलं, हे फ्लेक्सवर घेतो!"

आम्हाला वाटलं गंमत करतायत. पण व्यापारी माणूस कधी गंमत करत नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. मांडव उभा होता, आणि खरं सांगतो, ऊन त्यावर असं नाचत होतं की डोळ्यांवर हात धरावा लागत होता. मांडव उभारणारे भाई, आमच्या बहुतेक कामांचे वेल्डर, फडका घेऊन शेवटचा हात फिरवत होते. सरांनी खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं. हाच त्यांचा सण असायचा. भाईंनी शिडीवर चढून दोऱ्याचं एक टोक खांबाच्या डोक्याला धरलं, सरांनी खाली बसून दुसरं टोक पायथ्याशी ताणलं, आणि मला मध्ये बघायला सांगितलं. खांब आणि दोरा यांच्यात करंगळीचं नख जेमतेम शिरेल एवढी फट.

"नखभर, सर."

"वा!" सर लहान मुलासारखे उठले आणि खांबाला थोपटलं. "माणसाचा आहे!"

भाई वरूनच घाबरून म्हणाले, "काय साब, गलती हुई क्या?"

"गलती कसली, भाई? ही तर ओळख आहे. आता चला, अप्पांचा फ्लेक्स बघू."

फ्लेक्स कमानीच्या शेजारी, मजलाभर उंच. वधूवरांचे फोटो, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, आणि मधोमध आमच्या मांडवाचं रंगीत चित्र, खांब माणसाहून उंच. खाली ‘हार्दिक स्वागत’. सर हात पाठीमागे बांधून, हसत, समोर उभे राहिले. आपलं काम एवढं मोठं झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आणि बघता बघता त्यांचं हसू गेलं. म्हणजे चेहरा तसाच होता, हसू तेवढं निघून गेलं.

"चित्रकार, या खांबाची डावी बाजू कोणत्या रंगाची आहे?"

"नारिंगी."

"उजवी?"

"नारिंगीच की."

"खालपासून वरपर्यंत?"

"हो सर. एकसारखी."

"बाक असता तर?"

मी नुसता रेघा ओढणारा माणूस, पण एवढं त्यांच्यासोबत राहून मलाही कळत होतं. बाक दिलेला खांब भाराखाली एका बाजूला जास्त दबतो, दुसऱ्या बाजूला कमी. एक अंग लाल होतं, दुसरं पिवळं. कागदावर एवढुशा चित्रात ते कुणाच्या लक्षात येत नाही. मजलाभर उंचीवर आंधळ्यालाही दिसावं. अप्पांनी सगळ्या सोलापूरला दिसेल असा, भर रस्त्यावर, देवाचा खांब लावला होता.

स्कूटर मी चालवली. सर मागे बसले. ऑफिसात येऊन त्यांनी मोरांची चादर ओढली, पण जादूगारासारखी नाही. फाइल उघडली. बाकाची जागा: शून्य.

हिशेब लावायला वेळ लागला नाही. शेवटचं मॉडेल पळवायच्या आधी कॉलेजची मुलं आली होती. सरांनी खेळ केला होता. उघडी होती ती अप्पांची फाइल. त्या दिवशी हत्तीवर हत्ती चढले, टाळ्या पडल्या, मुलांना चहा सांगायच्या गडबडीत खेळाचा दुसरा भाग हुकला आणि शून्य तसंच राहिलं. सगळ्या जगाला बाक द्या म्हणून सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या खांबाला बाक दिला नव्हता.

सरांनी नखभर बाक भरला, चपला काढल्या आणि उभे राहिले. या वेळी ‘चल रे राजा’ नव्हतं. छपराचा भार पेलला. वाऱ्याचा पेलला. सज्ज्यात माणसं भरायला लागलो तशी रेघ वळायला लागली, आणि माणसांच्या जिवासाठी जी ऐसपैस जास्तीची ताकद राखून ठेवायची असते ती कुठं उरलीच नव्हती.

"पडेल का हो, सर?" मी विचारलं.

"बहुतेक नाही."

"मग?"

"बहुतेकवर वऱ्हाड चढवायचं?"

मी एक शहाणपणाची सूचना केली. अप्पांना बाजूला घेऊन सांगू, शोभेसाठी आणखी दोन नळ्या टाकतोय म्हणून. काम होईल, बोभाटा नाही. सर चपला घालत म्हणाले, "आणि तोवर व्याही चढले तर? जे चढणार आहेत त्यांना सांगायला हवं. अप्पा काही एकटे चढत नाहीत." आणि जरा थांबून, "शिवाय चूक कानात सांगितली की ती दुसऱ्या कुणाची तरी होते."

आम्ही परत पोचलो तेव्हा हळद ऐन रंगात होती. बायका नवरीला हळद लावत होत्या, माळशिरसची मंडळी मांडवात गाद्यांवर पसरली होती, माइकवर कुणी मामा नाव घ्यायचा आग्रह करत होते. सर सरळ मामांकडे गेले आणि माइक मागून घेतला.

"मी या मांडवाचा इंजिनिअर," सर म्हणाले. "मी हा खांब देवाचा धरला होता. तो माणसाचा आहे. चूक सर्वस्वी माझी आहे."

आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला! कुणाला वाटलं कीर्तनकार आहेत, कुणाला वाटलं आशीर्वाद देतायत. एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "किती छान बोलले." सनईवाल्यानं तर सूर धरला. सर माइक धरून उभे, घामाघूम, आणि मी मागे. हसू दाबायला मी तोंडात रुमाल कोंबला. त्या परिस्थितीत हसू येणं चांगलं नव्हे, पण आलं त्याला काय करू?

"टाळ्या नकोत!" सर ओरडले. "सज्ज्यावर कुणी चढायचं नाही!"

आता मात्र सनई थांबली. व्याही गादीवरून उठले. "का म्हणून?"

सरांनी शर्टाच्या खिशातली फूटपट्टी काढली. पातळ, स्टीलची. ती पाटावर उभी धरली आणि व्याह्यांना म्हणाले, "दाबा. वरून, तळहातानं."

व्याह्यांनी दाबलं. पट्टी जरा वेळ ताठ राहिली.

"आता मी हिला मध्ये एका बोटानं नुसता धक्का देतो. तुम्ही दाबत राहा."

धक्का दिला आणि पट्टी फुगून कमानीसारखी झाली. व्याह्यांचा तळहात एकदम खाली आला. त्यांनी पट्टीकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

"म्हंजी हा खांब, आन् मी हात."

"हो."

"आन् समदा भाऊबंद."

"हो."

"आयला," व्याही म्हणाले आणि खाली बसले. "न्हाय चढत."

पण अप्पा बसले नव्हते. अप्पांचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा झाला होता, आणि ते ओरडत नव्हते हेच वाईट होतं.

"उद्या लग्न आहे, सर. सगळ्या पेठेला सांगितलंय. सोयरे वर, सनई वर. हे तुम्ही आज सांगताय?"

"आज कळलं, अप्पा."

"लोक काय म्हणतील? अप्पानं बसायला नव्हे, पडायला मांडव घातला?"

"माझं नाव सांगा. फ्लेक्सवर लिहा हवं तर."

"तुमचं नाव घेऊन मी काय करू? माझ्या पोरीचं लग्न आहे!"

सरांनी मान खाली घातली. तेव्हा पाटावरून, तोंडभर हळद माखलेली नवरी म्हणाली, "अप्पा, सनई खालून वाजली तर लग्न लागत नाही का?"

"तसं नव्हे ग, पण..."

"मग त्यांनी आज सांगितलं म्हणून का बोलताय? उद्या सगळे वर चढल्यावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं का?"

माळशिरसच्या गादीवरून कुणीतरी म्हणालं, "सून हुशार हाय की!" आणि व्याही म्हणाले, "अप्पा, मी खाली उबा राहीन. फोटूत खालीच बरा दिसतो मी, वर गेलो की नुसतं पोट येतंय." मांडवभर हशा पिकला, आणि अप्पांनी टोपी काढून वारा घेतला. आमच्याकडे याचा अर्थ संमती असा होतो.

भाईंनी वेल्डिंगचं मशीन आणवलं. खांबांना मधोमध आडव्या नळ्यांनी एकमेकांशी बांधायचं ठरलं. खांब मध्ये धरला की त्याला लचकायला अर्धीच लांबी उरते. संध्याकाळपर्यंत ठिणग्या आणि हळदीची गाणी एकाच वेळी चालली होती. भाई पुटपुटत होते, "साब, माइक पे बोलने की क्या जरूरत थी? मेरे कू बोलते, मैं चुपके से लगा देता." मी त्यांच्याकडे आदरानं बघितलं. माझ्याच विचाराचा माणूस.

तेवढ्यानंही सरांचं समाधान नव्हतं. नळ्या टाकल्या, पण टाकल्या तशा मॉडेलात अजून घातल्या नव्हत्या. नीट पळवल्याशिवाय वर कुणी नको. दुसऱ्या दिवशी ते सज्ज्याच्या जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. चांगला कोट घालून, हातात फूटपट्टी घेऊन. कॅमेरेवाला आला, परतवला. पोरांची टोळी आली, परतवली. एक पणजी काठी टेकत आल्या, म्हणाल्या मला वरून नातीला बघायचंय. सरांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तुम्ही एकट्या चालाल हो आजी, पण मग तुमच्यामागून सगळे येतील." अक्षता पडल्या त्या सरांनी जिन्यापाशी बसूनच टाकल्या. पंगत उठली तरी ते उठले नाहीत. शेवटी नवरीच हातात पान घेऊन आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांच्यासमोर ठेवलं. मागे वहिनी उभ्या होत्या. म्हणाल्या, "जेवा आता. पोळ्या आज गोल आहेत." सनई त्या दिवशी खालीच, लोकांच्या अगदी कानाशी वाजली, आणि सगळे म्हणाले की कार्यालयात एवढी छान सनई कधी ऐकली नव्हती.

सरांना वाटलं होतं, अप्पा पुन्हा दारात उभं करणार नाहीत. काही दिवसांनी अप्पा ऑफिसात आले ते गुंडाळी घेऊन. तोच फ्लेक्स. "हा तुमच्याकडे ठेवा," म्हणाले. "मला नवीन चित्र द्या. बाकवालं. कार्यालयात लावतो."

"त्यात खांब वाकडे दिसतील, अप्पा. समजावं म्हणून बाक वाढवून दाखवतात."

"दिसू द्या की. लोक विचारतील, मी सांगीन."

आणि सांगतात अजून. ‘हार्दिक स्वागत’च्या वर मांडव कमरेत लचकलेला, एक अंग लाल, एक पिवळं, आणि अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून माणसाचा खांब समजावतात. जुना फ्लेक्स सरांनी आपल्या टेबलासमोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत लावला. वधूवर आणि हात जोडलेल्या वडीलधाऱ्यांसकट. कॉलेजची मुलं आली की पुढे खेळ तोच, पण आता दुसऱ्या कोऱ्या फाइलवर, आणि शेवटी सर मुलांना भिंतीकडे वळवून विचारायचे, "यात काय चुकलंय?"

त्यानंतर काही वर्षांनी अप्पांच्या धाकटीचं लग्न निघालं. सर तेव्हा काम सोडून मुलीकडे पुण्याला जायच्या बेतात होते. पाठही जरा वाकली होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आडव्या नळ्यांसकट मांडव त्यांनी पुन्हा मॉडेलात उभा केला होता, मोडला होता, पुन्हा उभा केला होता. सज्जा चालेल, असं या वेळी त्यांनी लिहून दिलं. अप्पांनी सगळ्यांसमोर, मिशीत हसत, जिन्याकडे हात केला.

"आधी तुम्ही, सर."

सर खुशीत आले. कोट झटकला, वहिनींचा हात धरला. मग खिशातून दोऱ्याचं रीळ काढून माझ्या हातात दिलं. "चित्रकार, खाली तुम्ही." भाई शिडीवर चढले, मी खाली बसून दोरा ताणला. सर, वहिनी आणि सनईवाले वर गेले. त्यांच्यामागे माळशिरसचे व्याही पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून, श्वास रोखून उभे, आणि त्यांच्यामागे सगळा भाऊबंद.

"खांब बघा हो!" वरून सरांचा आवाज आला. "काय म्हणतोय?"

मी करंगळीचं नख दोऱ्याखाली सरकवलं. जेमतेम शिरलं.

"नखभर, सर! पहिल्याइतकाच!"

"मग या सगळे!" सर ओरडले, आणि व्याह्यांनी दुसरा पाय उचलला.